कॅम्पस की कॉट? एचआरची पदव्युत्तर पदवी निवडण्याची सोपी कृती

अभिनंदन! तुम्ही पदवीधर झालात. बॅलन्स शीट पाहिली की पोटात गोळा येतो, मार्केटिंगमध्ये उन्हातान्हात फिरावं लागतं असं कोणीतरी सांगून ठेवलंय, आणि कोडिंगचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलंय. उरलं एचआर. त्यात मावशी म्हणाली, "तुला लोकांशी बोलायला आवडतं ना, मग एचआरच कर." मावशीने आयुष्यात एचआरवाल्याला बोलताना ऐकलेलं नाही. त्यांच्याकडून मेल येतो, आणि त्याला उत्तर देऊ नका असं त्या मेलच्या तळाशी लिहिलेलं असतं.

विषय ठरला. आता एवढंच ठरवायचं की दोन वर्षं कॅम्पसवर काढायची की घरच्या कॉटवर लॅपटॉप घेऊन. मॅस्लो दोन्हीकडे तोच आहे. १९४३ साली त्याने माणसाच्या गरजांची उतरंड मांडली, आणि तेव्हापासून ती दर वर्षी पहिल्या सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवली जाते. त्यामुळे शिक्षणाच्या दर्जाची चिंता सोडा आणि खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. पूर्वज्ञानाची गरज नाही. असेल तर मुलाखतीत लपवा.

पायरी १. कारण पाठ करा.

आरशासमोर उभं राहून म्हणा, "आय अ‍ॅम अ पीपल पर्सन." पुन्हा म्हणा. या वेळी हसू डोळ्यांपर्यंत पोचलं पाहिजे. प्रवेशाच्या मुलाखतीत "एचआरच का?" हा प्रश्न येणारच आणि याच वाक्याने तो परतवायचा आहे. फक्त "कोणती माणसं?" या उपप्रश्नाला सावध राहा. कंत्राटी कामगार, गेटवरचा वॉचमन, कँटीनमधली पोरं यांचा उल्लेख नको. "टॅलेंट" म्हणा.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, म्हणजे तो टाळता येतो. तुमच्या आजोबांच्या काळी या खात्याला टाइम ऑफिस म्हणत आणि तिथे हजेरीचं मस्टर असे. वडिलांच्या काळी ते पर्सोनेल झालं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ ने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती केली, आणि त्या खुर्चीसाठी शिकलेली माणसं लागू लागली. ती तयार करणाऱ्या जुन्या संस्था कुठे निघाल्या तेही बघा. टाटांची समाजकार्याची शाळा १९३६ साली नागपाड्याच्या वस्तीत, बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट १९४७ साली गिरण्यांच्या मुंबईत, एक्सएलआरआय १९४९ साली जमशेदपूरला, पोलादाच्या भट्ट्यांशेजारी. कामगारांबद्दल शिकायचं तर कामगार दिसला पाहिजे, अशी त्या लोकांची भाबडी समजूत होती. घाबरू नका, आता तो दिसत नाही. कॅम्पसवरही नाही आणि ऑनलाइन तर नाहीच.

पायरी २. मान्यता तपासा.

एवढ्या एका पायरीवर मी मस्करी करणार नाही, कारण इथे खरोखर पैसे बुडतात. ऑनलाइन पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि त्या दर्जाच्या संस्थांनाच आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, अशी दोन्ही नावं हवीत. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची यादी बघा, गेल्या वर्षीची नको. मधल्या अ‍ॅपवाल्या कंपनीला पदवी देता येत नाही, तिच्या जाहिरातीत कितीही मोठा क्रिकेटपटू असो. आणि पीजीडीएम ही पदविका आहे, पदवी नव्हे. माहितीपत्रकात हे वाक्य शोधायला भिंग घ्या.

आयोगाने २ सप्टेंबर २०२२ ला जाहीर करून टाकलं की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. म्हणजे कागदावर दोन्ही सारख्या. हा कागद जपून ठेवा, शेवटच्या पायरीवर लागेल.

एप्रिल २०२४ मध्ये याच आयोगाला "दहा दिवसांत एमबीए" अशा जाहिरातींपासून सावध राहा, असंही सांगावं लागलं. दहा दिवस! चांगल्या संस्थेत एवढ्या वेळात ब्लेझरचं माप घेऊन होत नाही.

पायरी ३. समुपदेशकाशी बोला.

यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही. कुठल्याही ऑनलाइन एमबीएच्या पानावर माहितीपत्रक उघडायला म्हणून एकदा मोबाईल नंबर टाका. पान पूर्ण उघडायच्या आत फोन वाजेल. "हॅलो सर, मी तुमचा पर्सनल करिअर काउन्सेलर बोलतोय." तुम्ही मुलगी असाल तरी पहिल्या वाक्यात सरच असता.

तो तुमचं स्वप्न विचारील. सांगू नका. सांगितलंत तर त्या स्वप्नाची ईएमआय तो तिथल्या तिथे काढून देईल. मग तो म्हणेल की आज रात्री बारापर्यंतच स्कॉलरशिप आहे, आणि तुमचं प्रोफाइल मॅनेजमेंटला इतकं आवडलंय की त्यांनी स्वतः ती मंजूर केलीय. तुमच्या प्रोफाइलमध्ये त्या क्षणी नाव, नंबर आणि "पुणे" एवढं असतं. आणखी म्हणेल, शेवटच्या तीनच सीट उरल्यात. ऑनलाइन वर्गातल्या या तीन खुर्च्या कोणत्या, हे विचारण्याचा मोह आवरा. अशा प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि त्याच्या मागे टीम लीडर कॉल ऐकत बसलेला असतो.

त्याच्यावर चिडूही नका. त्याला रोज ठरलेले कॉल करायचे असतात, महिन्याला ठरलेले प्रवेश आणायचे असतात. आज तुम्ही नाही म्हणालात तर उद्या त्याला एका छोट्या खोलीत बोलावून "परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन" नावाचा कागद दिला जाईल. देणारा असेल एचआर, आणि तोही पीपल पर्सन असेल. दोन वर्षांत अभ्यासक्रमातली कामगार-मालक संबंधांची इतकी जिवंत केस स्टडी तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. ती फुकट मिळतेय, ऐकून घ्या.

पायरी ४. प्रवेश परीक्षा द्या.

कॅम्पससाठी राज्याची एमबीए सीईटी आहे. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. एका प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद. कमी वाटतात ना? पुढे नोकरीत एका बायोडेटाला तुम्ही एवढेही देणार नाही आहात. येत नसलेल्या प्रश्नाला बिनधास्त ठोकून द्या. याला पुढे "गट फील" म्हणायचं असतं आणि त्यावर माणसं निवडायची असतात.

ऑनलाइनची प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी सहा अंकी असते. ती तुमच्या मोबाईलवर येते आणि बँक पाठवते.

पायरी ५. पैशाचं बघा.

नामांकित खासगी कॅम्पसची फी वीस लाखांच्या वर जाते. ऑनलाइन त्याच्या एका कोपऱ्यात मावतं. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत साधारणतः तारण लागत नाही, त्यापुढे बऱ्याचदा बाबांच्या फ्लॅटची कागदपत्रं लागतात. ती मागताना "इन्व्हेस्टमेंट इन ह्यूमन कॅपिटल" हा शब्दप्रयोग करून बघा. बाबा जे उत्तर देतील ते लिहून ठेवा, प्रोजेक्टला उपयोगी पडेल.

पायरी ६. कॅम्पस निवडलात तर.

छान केलंत. काळा ब्लेझर शिवून घ्या. समर इंटर्नशिपच्या मुलाखतींपासून ते मे महिन्यातल्या चाकणच्या बसपर्यंत तो अंगावर असला पाहिजे. पहिल्या दिवशी आइसब्रेकर नावाचा खेळ होईल. त्यात "मी जर भाजी असते तर कोणती असते" हे साठ जणांसमोर सांगायचं असतं. ढोबळी मिरची सांगू नका, ती प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी आधीच घेतलेली असते. हा खेळ पुढे तुम्ही पंचेचाळीस वर्षांच्या शिफ्ट सुपरवायझरकडून खेळून घेणार आहात. त्याची नजर चुकवायचा सराव आत्तापासून करा.

मग समित्या. कल्चरल समिती, सीएसआर समिती, अ‍ॅल्युम्नाय समिती आणि सगळ्यांच्या वर प्लेसमेंट समिती. प्लेसमेंट समितीचा सभासद स्वतः विद्यार्थी असतो, पण पहिल्या आठवड्यातच त्याच्या चालण्यात फरक पडतो. तो तुम्हाला नियम सांगेल: एक ऑफर मिळाली की बाहेर बसायचं, दाढी रोज करायची, कंपनीला उलटा प्रश्न विचारायचा नाही. हा माणूस पुढे खरोखर एचआर होणार. त्याच्याकडून शिका आणि त्याच्याशी भांडू नका.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये सहा जण असतात. एक काम करतो, दोन फॉन्ट बदलतात, एक गावी गेलेला असतो, एक म्हणतो "मी प्रेझेंट करतो", आणि सहावा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रोजेक्टचा विषय हमखास "टीम इफेक्टिव्हनेस" असतो.

आणि फॅक्टरी व्हिजिट! ही चुकवू नका. बसने एमआयडीसीत जायचं, पांढरं हेल्मेट घालायचं, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं. कंपनीचा माणूस "आमच्याकडे सगळे एक परिवार आहेत" म्हणेल. परिवारातले किती जण कंत्राटी आहेत, हे विचारू नका, कारण पुढे नाश्त्याचा डबा मिळायचा असतो. सामोसा, वेफर्स, फ्रूटी. शेवटी गेटवर ग्रुप फोटो. फोटोच्या कडेला निळ्या शर्टातला एक माणूस अर्धा आलेला असतो. लिंक्डइनवर टाकताना तेवढं क्रॉप करा. "ग्रेट लर्निंग्ज फ्रॉम द शॉप फ्लोअर" असं लिहा.

या सगळ्यासाठी वीस लाख का, असं कोणी विचारलं तर रागावू नका. तुम्ही शिक्षण विकत घेतलेलं नाही, बॅच घेतली आहे. दहा वर्षांनी यातले चाळीस जण चाळीस कंपन्यांत माणसं निवडत असतील आणि एकमेकांचे फोन उचलतील. कॅम्पसच्या बाजूने मला एवढंच खरं कारण दिसतं, आणि ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

पायरी ७. ऑनलाइन निवडलात तर.

तेही छान. घरातला एक कोपरा ठरवा, जिथे मागे पुस्तकांचं कपाट दिसेल आणि वाळत घातलेले कपडे दिसणार नाहीत. हा कोपरा पहिल्या लेक्चरला लागेल. दुसऱ्यापासून कॅमेरा बंद.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून काही प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड वाढवला तर उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, असं सांगतात. पुढे त्याचा अर्थ असा लावला गेला की आपल्याकडे कोणीतरी बघतंय हे कळलं की माणूस जास्त काम करतो. हा सिद्धांत सर तुम्हाला एकशे चाळीस काळ्या चौकोनांसमोर शिकवतील. चौकोनांमागचे लोक त्या वेळी भाजी निवडत असतील, ट्रॅफिकमध्ये असतील, झोपलेले असतील. सर विचारतील, "अ‍ॅम आय ऑडिबल?" अकरा जण लिहितील, "येस सर." रेकॉर्डिंग नंतर दीडपट वेगाने बघा. त्या वेगाने मॅस्लोसुद्धा उत्साही वाटतो.

चर्चेच्या पानावर दर आठवड्याला मत मांडावं लागतं, त्याला गुण असतात. आधीच्याने काय लिहिलंय ते वाचू नका. "व्हेरी वेल एक्सप्लेन्ड. आय वुड लाइक टू अ‍ॅड" असं लिहा आणि त्याचंच वाक्य उलटं फिरवा. तोही तुमचं वाचणार नाही. हे कौशल्य पुढे वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये थेट वापरता येतं.

लेक्चर रविवारी असतात. रविवार कुठून आला हे त्या लेक्चरला सांगत नाहीत, म्हणून इथे सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांकडून आठवड्याची सुट्टी मिळवली. ज्या बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूटचा उल्लेख वर आला, तिला आज त्यांचंच नाव आहे. तर त्यांनी मिळवलेल्या रविवारी सकाळी दहा ते एक, "वर्क-लाइफ बॅलन्स" या विषयावर बसा. अटेंडन्स सक्तीचा आहे.

परीक्षा घरूनच, पण पहाऱ्यात. कॅमेरा खोली चारी बाजूंनी दाखवायला लावेल, पलंगाखालीही. इकडेतिकडे बघितलं की लाल खूण. ओठ हलले की लाल खूण. मध्येच आई चहा घेऊन आली तर संशयित व्यक्ती म्हणून तिची नोंद होते. आईला आदल्या दिवशी समजावून सांगा. समजणार नाही. मग चहा साडेचारला मागा. मशीनच्या नजरेखाली तीन तास कसे जातात हे नीट लक्षात ठेवा, पुढे हीच प्रणाली इतरांवर बसवायला तुम्हाला सांगणार आहेत.

पायरी ८. ठरत नसेल तर दोन्ही करा.

हसू नका, परवानगी आहे. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला मुभा दिली आहे: एक प्रत्यक्ष वर्गातला, एक ऑनलाइन. म्हणजे कॅम्पसच्या मागच्या बाकावर बसून कानात ऑनलाइनचं लेक्चर घालता येतं. दोन्ही ठिकाणी हजर आणि कुठेच नाही, ही वरिष्ठ व्यवस्थापनाची पातळी आहे. ती तुम्ही पहिल्याच वर्षी गाठाल.

पायरी ९. कामगार कायदे.

ऑप्शनला टाका.

तसं टाकता आलं नाही तर आदल्या रात्री वाचा. एकोणतीस केंद्रीय कायदे गोळा करून चार संहिता केल्या: वेतनाची २०१९ मध्ये, बाकी तीन २०२० मध्ये. त्या लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. मधल्या काळातल्या प्राध्यापकांचा विचार करा, पाच वर्षं जुना कायदाही शिकवायचा आणि नवाही. सहानुभूती म्हणून त्यांना प्रश्न विचारू नका.

पायरी १०. खरंच कोणासाठी काय?

एवढं वाचून तुम्ही इथवर आलात म्हणून सांगतो. सणसवाडीच्या एखाद्या कारखान्यात टाइम ऑफिसला आठ वर्षं काढलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. पीएफचे फॉर्म तिने भरलेत, हात सापडलेल्या ऑपरेटरला घेऊन ती ईएसआयच्या दवाखान्यात बसली आहे, बोनसच्या वेळी गेटवर युनियन उभी असताना आत चहा कोणी न्यायचा हा प्रश्न तिनेच सोडवला आहे. घरी सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा. तिने नोकरी सोडून दोन वर्षं ढोबळी मिरची व्हायला जाण्यात काही अर्थ नाही. तिने मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी घ्यावी, किंवा १९८९ पासून दूरशिक्षण देणारं नाशिकचं मुक्त विद्यापीठ बघावं. तिला शिकवण्यासारखं अभ्यासक्रमात फारसं नाही, तिला फक्त कागद हवा आहे.

तुम्ही बावीस वर्षांचे असाल, मस्टर कधी पाहिलं नसेल आणि घरचे पैसे देत असतील तर कॅम्पसला जा. बॅच मिळेल.

पायरी ११. पहिली नोकरी.

लागलीच समजा. पहिल्या दिवशी लॅपटॉप, गळ्यात दोरी, टेबलावर कंपनीचं नाव छापलेलं एक रोपटं. पहिलं काम असेल भरतीचं: "असिस्टंट मॅनेजर, एचआर, कारखाना विभाग". एका जागेला अर्ज आलेत नऊशे. मॅनेजर म्हणतील, एवढे कोण वाचणार, सिस्टिमला लाव.

सिस्टिममध्ये डाव्या बाजूला एक यादी उघडते: शिक्षण, अनुभव, वय, ठिकाण. शिक्षणाच्या खाली एक चौकोन आहे, "फक्त फुल टाइम रेग्युलर". २ सप्टेंबर २०२२ चा तो कागद तुम्ही जपून ठेवला असेल, तर आत्ता ड्रॉवरमधून काढून एकदा बघा आणि परत ठेवा. चौकोनावर टिचकी मारली की नऊशेचे दोनशे दहा होतात. सणसवाडीचा अर्ज त्यात राहत नाही. मॅनेजर खूश होतात आणि जेवायला जाता येतं. टिचकी कुठे मारायची ते सापडलं नाही तर आयटीला मेल करा, ते दुपारपर्यंत उत्तर देतात.